खुशीनं काळ्या पाण्यावर

माझ्या बापाचा हात इंजिनाच्या हँडलनं मोडला, तेव्हा आलेला आवाज मला आजही तोंडानं काढून दाखवता येतो. वाळलेली तुराटी गुडघ्यावर ठेवून मोडा, अगदी तसा. लग्नाच्या पंगतीत मी तो बऱ्याच वेळा काढला आहे. पापड उचललेली माणसं पापड परत पानात ठेवतात.

हँडल माझ्या थोरल्या चुलत भावाच्या हातात होतं. कुंभार पिंपळगावच्या शिवाराला लागून आमचं शेत. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्याच्या शेपटाला लोंबकळत होतो. विहीर एक, डिझेलचं इंजिन एक, आणि दोन्ही दोन घरांच्या सामायिकीत. एक दिवस त्यांचं पाणी, एक दिवस आमचं. चुलता होता तोवर सगळं बराबर चाललं. तो गेला आणि थोरल्यानं हँडल उचलून घरी नेलं. इंजिन जागच्या जागीच होतं, पण हँडलवाचून इंजिन म्हणजे चिखलात बसलेली म्हैस. थोरला ते हँडल कमरेला खोचून फिरायचा. लग्नाला गेला तरी हँडल, बाजाराला गेला तरी हँडल.

त्याच्या रागाला कारण लागत नसे, जागा लागत असे. भर बाजारात त्यानं एका मिरचीवाल्याचे दात पाडले होते, कारण मिरची तिखट निघाली. एका वरातीत बाजावाल्याला पिपाणीसकट उकिरड्यात फेकला होता, कारण सूर आवडला नाही. मारकुट्या गोऱ्ह्याला शिंगं धरून आडवा पाडायचा आणि वर त्याच्या कानात शिव्या द्यायचा.

कार्तिकात गहू पेरला. पेरणीचं पाणी झालं आणि पुढच्या पाळीला बाप म्हणाला, "आज माझी बारी हाय. हँडल दे."

"घे," थोरला म्हणाला, आणि दिलं.

मी पाण्याच्या पाटाच्या दंडावर उभा होतो. सव्विशीतला गडी, हातात खोरं. ते खोरं मी अत्यंत काळजीपूर्वक खाली ठेवलं. आमच्या घराण्यात शूरपणा एका फांदीवर आला आणि अक्कल दुसऱ्या फांदीवर, असं माझी आई म्हणायची. ती हे कोणत्या फांदीचं कौतुक म्हणून म्हणायची ते तिनं कधी सांगितलं नाही.

"फिरून विहिरीवर पाय ठिवला तर दुसरा बी मोडीन," थोरला म्हणाला. "यंदाचा गहू चुलीत घाल, काका."

हाडवैद्यानं हात बांधला तो वाकडाच जुळला. पोलिसात जा म्हटलं तर बाप म्हणाला, "पुतण्या हाय." जसं काही पुतण्यानं मोडलेला हात कमी दुखतो. पण त्याचा जीव हातात नव्हताच. जीव गव्हात होता. तो रोज बांधावर जाऊन बसायचा आणि पिवळी पडत चाललेली पाती बघायचा. पलीकडे थोरल्याचा गहू हिरवागार.

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी मुलानं काय करावं? मुलगा सहलीला गेला.

हसू नका, ऐका. मी नव्या जालन्यात स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आमच्या खोलीत एका व्यापाऱ्यानं दिलेलं कॅलेंडर होतं आणि त्याच्यावर बेटाचं चित्र: नारळाची झाडं, निळं पाणी, वाळूवर आडवी पडलेली होडी. बायको जालन्याची, नळाच्या रांगेत लहानाची मोठी झालेली. ती चित्राकडे बघून म्हणायची, "चारी बाजूंनी पाणी, आणि एकाही बाईच्या हातात घागर नाही!" रेल्वेचा पास होता, रजा साठली होती, तिकडं जाऊन आलेल्या एका सहकाऱ्यानं रस्ता सांगितला होता. हात मोडल्यावर मी बेत रद्द करायला निघालो, तर बापच म्हणाला, "जाय. इथं राह्यला तर तू बी काही तरी मोडून घेशील."

मीटरगेजच्या गाडीनं हैदराबादकडे, तिथून मद्रास, मद्रासहून बोट. बोटीत मी जेवढा ओकलो तेवढा आयुष्यात जेवलो नसेन. आणि एका सकाळी समोर कॅलेंडर उभं राहिलं. अंदमान.

लोक बेटावर जातात ते निवांत पडायला. पण त्या बेटावर पाहायला जाल ती प्रत्येक जागा कुणाच्या तरी पाठीवर उभी होती. पहिलं आकर्षण तुरुंग. चौकीदारानं मोठ्या हौसेनं दाखवला. फटके मारायची लाकडी घोडी दाखवली, माणसाला कसा बांधायचे ते माझे हात बांधून दाखवलं. बायको म्हणाली, "अहो, जरा नीट उभे राहा ना, दिसत नाही." बैलासारखी माणसं जुंपायचे तो तेलाचा घाणा दाखवला. फासाची खोली दाखवली. तिथं एका वेळी तिघांची सोय. आणि ती प्रसिद्ध कोठडी. मी आत उभा राहिलो, डोळे मिटले आणि मनातल्या मनात थोरल्याला आणून कोंडला. घोडीला बांधला. घाण्याला जुंपला, पराणी टोचली, तेल कमी भरलं म्हणून परत घोडीला बांधला. इतकं समाधान मला काशीला गेलो तेव्हाही झालं नाही. मग आम्ही बाहेर येऊन नारळपाणी प्यायलो.

दुसरं आकर्षण लाकूड कापायची गिरणी. आमच्या बैलगाडीएवढ्या घेराचे ओंडके पाण्यातून ओढून आणायचे आणि किंचाळत चिरायचे. तिसरं, साहेबांचं ओसाड बेट. वडापिंपळाची मुळं तिथल्या बंगल्यांच्या भिंतींत घुसलेली, अजगर बकरी आवळतो तशी विटा आवळून बसलेली. चर्चच्या छताचा मागमूस नाही आणि नाचाच्या दालनात हरणं लेंड्या टाकतात. बायकोला ते फार आवडलं. चौथं आकर्षण पोवळ्याचा समुद्र. नावाड्यानं उथळ पाण्यात उतरवलं, खाली लाल-पिवळी झुडपं, निळे मासे, मी खुशीत पाय टाकला तो दोन दगडांच्या फटीत घोट्यापर्यंत अडकला. पोवळं दिसायला दागिना आणि चावायला करवत. पाय ओढून काढला तेव्हा घोट्याभोवती गोल साल निघाली होती, चारी बाजूंनी. पाणी लाल झालं आणि ते सुंदर निळे मासे मला चाखायला आले.

इकडे गावात काय चाललं होतं, ते मला नंतर बापानं साभिनय सांगितलं.

आम्ही गेल्यावर बाप गळ्यात हात अडकवून बाजाराला गेला. हॉटेलात चहा पिताना कुणीतरी विचारलं, "पोरगं दिसंना कुठं?"

"अंदमानला गेलं," बाप म्हणाला.

हॉटेलातली भजी तळायची थांबली. आमच्या भागात अंदमान हे नाव एकाच कामासाठी ठाऊक होतं. खून पडला की सरकार माणसाला तिकडं धाडतं, हे आज्यापणज्यांनी सांगितलेलं. तो कारभार बंद होऊन जमाना झाला, ही बातमी आमच्या गावाला कुणी सांगितलीच नव्हती.

"काळ्या पाण्यावर?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"तेच."

"आन् सूनबाई?"

"ती बी संगं गेली."

"अरारारा! म्हंजी दोघांनी मिळून केलं?"

बापानं बशीतला चहा फुंकला. माझा बाप आयुष्यात खोटं बोलला नाही. खरं अर्धवट ठेवायची मात्र त्याला देवाची देणगी होती. "मला काही माहीत न्हाई बा," तो म्हणाला. "पकडून न्हाई नेलं, येवढं खरं. खुशीनं गेला."

"खुशीनं!" हॉटेलवाला खुर्चीवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर हँडल पडलेलं होतं. पुसून, तेल लावून. त्या दिवसापासून आमच्या पाळीला आमचं पाणी वाहू लागलं आणि गहू पोटरीला आला.

संक्रांतीच्या आधी आम्ही परतलो. उन्हानं मी तव्याच्या बुडासारखा काळा, बायकोचं नाक सोललेलं, आणि माझ्या उजव्या घोट्याभोवती बेडी उतरवल्यासारखा गोल व्रण. एसटीतून उतरून लंगडत गावात शिरलो तर रस्ता मोकळा होत गेला. म्हातारी माणसं उठून उभी राहिली. एकानं आपल्या नातवाला मागे ओढलं. मी बापाला विचारलं, "आबा, काय झालं हो?" त्यानं सगळं सांगितलं. मी म्हणालो, "मंग सांगून टाकू का खरं?" बाप माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू त्याचा दुसरा हात आता मी मोडतोय.

मग काय विचारता! जन्मभर भित्रा राहिलेला माणूस मी, मला फुकटात खुनी व्हायला मिळालं. बाजाराच्या दिवशी मी हॉटेलात मुद्दाम मधल्या बाकड्यावर बसलो, पायजम्याची नळी जराशी वर. बाकीच्या बाकड्यांवरची माणसं भिंतीला टेकली. दारात थोरला उभा. कमरेला पहिल्यांदाच काही नव्हतं.

हॉटेलवाल्यानं धीर केला. "काय काय हाय तिथं?"

"पाहण्यासारखं लई हाय," मी म्हणालो. आणि ऐका, मीही एक अक्षर खोटं बोललो नाही. "घोडी हाय. माणसाला उपडा बांधायची."

"तुम्हाला बांधलं?"

"हात बांधले. बायको म्हणली, नीट उभे राहा."

कुणीतरी 'अगं आई गं' म्हणालं.

"आन् ते फाशीघर?"

"पाह्यलं. आत गेल्तो."

"मंग?"

मी चहाचा घोट घेतला. सगळं हॉटेल माझ्या गळ्याकडे बघत होतं.

"बाहेर आलो," मी म्हणालो.

दारातली सावली हलली. थोरला निघून गेला होता. हॉटेलवाल्यानं चहासोबत न मागता भजी आणून ठेवली आणि दोन्ही हात जोडले.

हा संसार असाच सुखाचा झाला असता. पण हळदीकुंकू आलं. माझी रजा अजून उरली होती आणि बायको शेतावरच्या घरीच राहिली होती. गावातल्या बायका काय बोलतात याचा तिला पत्ता नव्हता, बाप आणि मी तिला काही सांगितलंच नव्हतं. प्रामाणिक माणसाला कटात घेतलं की कट संपतो. तिनं सवाष्णी बोलावल्या आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातावर बेटावरून आणलेला पोवळ्याचा पांढरा तुकडा ठेवला. छिद्राछिद्रांचा, बोटाएवढा.

पहिलीनं तो पाहिला आणि किंकाळी फोडली. "हाड हाय गं बाई! माणसाचं हाड!"

हळदीची वाटी उडाली, तीळगुळाचं ताट पालथं झालं, दारात चेंगराचेंगरी. एकीची बांगडी फुटून मनगटातून रक्त आलं, एकीनं दुसरीला ढकलली ती तुळशीवर. सगळ्या पळाल्या. थोरल्याची बायको, माझ्या बायकोची जाऊ, तेवढी कोपऱ्यात अडकली.

"जाऊबाई," ती हात जोडून म्हणाली, "हे कुणाचं? त्याच मेलेल्याचं का?"

"अहो, समुद्रातलं आहे! वाळूत ढीगभर पडलेलं असतं."

"आन् बेड्या घालून पाण्यात सोडत्यात का?"

"बेड्या कशाच्या? आम्ही फिरायला गेलो होतो. पोहताना ह्यांचा पाय दगडात अडकला. तरी परत जाऊ म्हणतात."

ती बातमी थोरल्यापर्यंत पोहोचायला भाकरी भाजायला लागते तेवढाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी. गहू ओंब्या भरायला आलेला. हे पाणी चुकलं तर दाणा पोचट, मागची सगळी पाणी वाया. बाप वाकड्या हातानं वाफ्यावाफ्यात पाणी सोडत दारं धरत होता. इंजिन धडधडत होतं. मी विहिरीच्या काठावर बसून पायाच्या व्रणाला खोबरेल चोळत होतो; तो आता बुजायला लागला होता आणि मला त्याची काळजी वाटत होती.

थोरला मागून आला. त्यानं आधी इंजिन बंद केलं. एकाएकी शांतता झाली तसा मी वळलो. तोवर त्यानं हँडल उचललं होतं.

"फिरायला गेल्ता?" तो म्हणाला. "फिरायला? आन् म्या तुह्या बापाला तेल लावून हँडल देऊन राह्यलो? म्या! सारा बाजार हसून राह्यला मला!"

पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला. तुराटीचा आवाज आला नाही, म्हणजे हाड वाचलं, एवढा विचार मला सुचला. दुसरा मांडीवर. मी त्याच्या पायाला मिठी मारली आणि, खोटं कशाला बोलू, त्याच्या पोटरीला चावलो. कडकडून. तो ओरडला. त्यानं माझे केस धरून तोंड दगडावर आपटलं. पुढचा अर्धा दात तिथंच राहिला, हा बघा. मी त्याच्या कानाला लोंबकळलो. त्यानं हँडल डोक्यावर उचललं, आणि या खेपेला ते माझ्या डोक्यासाठीच होतं.

इथं माझ्या बायकोचा प्रवेश.

तिनं पोर्ट ब्लेअरच्या बाजारातून एक शंख आणला होता, नारळाएवढा, टोक कापून फुंकायला केलेला. इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही म्हणून ती जेवायला बोलवताना तो फुंकायची. त्या दिवशी भाकरीची पाटी डोक्यावर, शंख हातात, अशी ती बांधावरून येत होती. थोरला नात्यानं तिचा मोठा दीर. त्याच्यासमोर आमच्याकडची सून बोलत नाही, डोक्यावरून पदर घेते. तिनं पाटी खाली ठेवली. पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला. आणि दोन्ही हातांनी शंख थोरल्याच्या कपाळावर घातला.

शंख फुटला. कपाळही. थोरला मागे झोकांडला, त्याच्या कानाला मी होतोच, आणि आम्ही दोघं हँडलसकट विहिरीत गेलो.

आमच्या विहिरीला पायऱ्या नाहीत. तळाला मधोमध एक धोंडा आहे. खणताना सुरुंगानं सुद्धा फुटला नाही तो. पाणी उतरलं की त्याचं डोकं वर येतं. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आलो तर थोरला त्या धोंड्यावर चढून बसलेला, चेहरा रक्तानं माखलेला, हँडल अजून मुठीत. दुसरी जागाच नव्हती. मीही चढलो. धोंडा एवढासा. त्यानं मला ढकललं, मी त्याला ओढलं, दोघं परत पाण्यात. असं झालं दोनदा-तीनदा. मग दोघंही दमलो आणि पाठीला पाठ लावून बसलो. भोवती पाणी लाल.

वर बापाचं डोकं दिसलं. शेजारी पदर घेतलेलं बायकोचं.

"आबा," तिचा आवाज आला, "मोठ्या भाऊजींना विचारा, फार लागलं का?"

"फार लागलं का म्हणून राह्यली!" बाप खाली ओरडला.

"आधी मला दोर टाका, काका!" थोरला म्हणाला.

"दोर हाय. पण आधी हँडल येईल, मंग माणूस."

थोरल्यानं बापाच्या सात पिढ्या काढल्या. त्यातल्या सहा त्याच्याही होत्या. मग पाइपाला धरून चढायला निघाला. हात काठाला लागायची वेळ आणि वरून बापानं बैलाची पराणी बोटांत टोचली. थोरला धप्पकन पाण्यात.

"आबा, मला तरी काढा!" मी म्हणालो.

"तू बस. तुला काळ्या पाण्याची सवय हाय."

ऊन विहिरीतून वर सरकलं. थंडीनं दात वाजायला लागले, माझे साडेएकतीस. कपाळातून गळणारं रक्त थोरला तळहातानं पुसायचा आणि पाण्यात झटकायचा. मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "खरंच तिघांना एकदम देत्यात फाशी?"

"द्यायचे. आता बंद झालं."

"आन् ती घोडी?"

मी सांगितली. घाणा सांगितला. ओंडके, गिरणी, साहेबाच्या बंगल्यात हागणारी हरणं सांगितली. मुळं विटा कशा आवळतात ते त्याच्याच दंडाला आवळून दाखवलं. निळे मासे रक्त चाखायला आले, तिथं तो खो-खो हसला आणि कपाळ धरून कळवळला.

"कुणी मेलंच न्हाई तर तुला तिथं जाऊ कसं दिलं?" त्यानं विचारलं. त्याला ते खरोखर कळत नव्हतं.

"तिकीट काढलं."

"कोठडी बघायला तिकीट!" तो हँडलकडे बघत राहिला. "मला कोंडलं असतं त्यात?"

"तुला? तुला मी पहिल्याच दिवशी कोंडलं होतं."

तो वळला. मला वाटलं, आता हँडल. त्यानं माझ्या तोंडावर उलट्या हाताची एक दिली, पण तिच्यात नेहमीचा जीव नव्हता. मग वर तोंड करून ओरडला, "टाक दोर, काका! घे तुहं हँडल!"

दोर आला. हँडल बांधून वर गेलं. आणि पाठोपाठ दोर यायला हवा, तर तो येईचना. वर काहीतरी खुडबुड, बापाचं "आसं न्हाई, आंगठा वर ठिव," मग बायकोचं "आई गं", आणि धड, धड, धडधडधड. बापाच्या वाकड्या हाताला हँडल फिरत नव्हतं. ते तिनं फिरवलं होतं.

पाइपाचं बूड आमच्या पायाशीच होतं. त्यानं पाणी ओढायला सुरुवात केली. आमच्या धोंड्याभोवतालचं लाल पाणी गोल फिरत पाइपात शिरलं आणि वर आमच्या गव्हाकडे निघालं.

"माहं रगत चाललं की रे तुमच्या गव्हाला," थोरला म्हणाला.

"माझं पण आहे त्यात," मी म्हणालो.

ओंब्यांना पाणी पुरं झालं, तेव्हा बापानं दोर टाकला. थोरला आधी चढला, माझ्या दुखऱ्या खांद्यावर पाय देऊन. काठावर पोहोचल्यावर त्यानं बापाकडे पाहिलं नाही, इंजिनाकडे पाहिलं नाही. हँडल इंजिनालाच लटकत होतं आणि शेजारी माझी बायको पदर ओढून, फुटलेला शंख हातात घेऊन उभी होती. तो तिला लांबचा वळसा घालून घरी गेला.

त्या दिवसापासून हँडल इंजिनालाच राहिलं. एक दिवस त्यांचं पाणी, एक दिवस आमचं. थोरल्याच्या कपाळावर शंखाच्या कडेची खूण शेवटपर्यंत राहिली. बाजारात कुणी विचारलं तर तो छाती काढून सांगायचा, "ही? अंदमानची हाय."